मागच्या खोलीतला गार वारा

सासूबाईंनी पाणी तापवायचं नवं मशीन काढून टाकायला प्लंबर बोलावलाय, हे सुनेला कळलं ते तो पाना घेऊन मागच्या खोलीत शिरला तेव्हा.

"आई, अहो, आठवडासुद्धा झाला नाही बसवून!"

"म्हणूनच म्हणते, वेळेत काढून टाकू." सासूबाईंनी शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. "जुना गिझर गॅलरीत आहे, दादा. तोच लावा परत. बिचारा निमूटपणे पाणी तापवायचा."

मागची खोली म्हणजे सासूबाईंचं राज्य. शिलाई मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि दोरीवर टांगलेले गिऱ्हाइकांचे शर्ट-फ्रॉक. वर पत्रा, खिडकी एकच. पंखा लावावा तर कापलेले तुकडे खोलीभर उडायचे, म्हणून पंखा नाही. सासूबाई सोडून त्या खोलीत कुणाचाच टिकाव लागत नसे. तिथेच कोपऱ्यात ते नवं मशीन उभं होतं, पाण्याची उंच टाकी आणि तिच्या डोक्यावर जाळीचा डबा. हीट पंप म्हणतात त्याला. वीज गिझरच्या निम्म्यानेही खात नाही, असं सांगून सुनेने ते घरात आणलं होतं.

या घरात तिच्या शब्दावर आलेली ही पहिली मोठी वस्तू. आजवर पडद्यांचा रंगसुद्धा तिला नुसता कळवला गेला होता. हे मशीन आज निघालं, तर पुढे तिने साधा झाडू सुचवला तरी घरात सगळ्यांना हेच आठवणार होतं. नवऱ्याची मदत होण्यासारखी नव्हती. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून तो सकाळीच सटकला होता. सून अगदी रडायच्या बेतात होती.

"पण बिघडलंय काय, ते तरी सांगाल?"

"गार वारा टाकतंय!" सासूबाईंनी आता मात्र मान वर केली. "पाणी तापवायला आणलं, आणि तोंडाने गार वारा! मी हात धरून बघितलाय. धड असतं तर गरम वाफ आली असती की नाही, हो दादा?"

प्लंबरला दोघींच्या मध्ये पडायचं नव्हतं. "वाटतं खरं तसं," असं पुटपुटून तो पान्याकडे बघत राहिला.

"शिवाय पाणी कोमट. काल माझी अंघोळ कुडकुडत झाली."

सुनेचं लक्ष भिंतीवरच्या बटणाकडे गेलं. "हे कुणी बंद केलं?"

"मी. रोजच करते. वारा सुटला की बंद. बिघडलेलं मशीन चालू ठेवून घर पेटवून घेऊ?"

सुनेला इतकं हसू आलं, की भिंतीला टेकावं लागलं. "अहो आई, ते बिघडलेलं नाहीये! ते खोलीतली उष्णता ओढून घेतं आणि पाण्याला देतं. उष्णता गेल्यावर हवा गार होणारच ना?"

"म्हणजे माझ्या खोलीतला उकाडा तुमच्या बादलीत?"

"हो!"

"मला काय येडी समजलीस?"

शेवटी असं ठरलं, की तास-दीड तास बटणाला कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात पाणी कडकडीत झालं नाही, तर मशीन खाली. निकाल लांबला म्हणून प्लंबर खूश झाला. "तोवर स्वयंपाकघरातला गळका नळ बघतो," म्हणत त्याने काढता पाय घेतला.

बटण दाबलं गेलं. वरच्या जाळीतून गार हवा हलकेच उतरायला लागली. टेबलावरचा एकही तुकडा हलला नाही. सून स्टुलावर बसून राहिली, जीव टांगणीला लावून. सासूबाई कॉलरी इस्त्री करत होत्या. सवयीने त्यांनी रुमाल कपाळाला लावला, कोरडाच बघून परत ठेवला. सुनेने ते पाहिलं आणि शहाणपणाने दुसरीकडे तोंड फिरवलं. इस्त्री संपली की सासूबाई एरवी धावतच बाहेरच्या खोलीत जायच्या. आज त्यांनी पुढच्या महिन्यात द्यायचा कोट काढला आणि त्याला अस्तर लावायला बसल्या. वर चक्क गुणगुणत होत्या.

एवढ्यात मशीन खट्ट करून थांबलं. वारा बंद झाला. पत्र्याखालचा उकाडा जणू दाराबाहेरच वाट बघत होता, तो लगेच आत आला.

"का गं थांबलं?" सासूबाईंची सुई हवेतच राहिली. "आता खरंच बिघडलं वाटतं!"

हाक मारल्यावर प्लंबर आला. त्याने बाथरूममधला नळ सोडला, खाली हात धरला आणि ओरडलाच, "अगागा! भाजलं की!" मग हात झटकत त्याने विचारलं, "मावशी, मग हे काढायचं का?"

"हात तर लावून बघा!" सासूबाई म्हणाल्या.

सुनेला आनंदाने काही सुचेना. स्टुलावरून उठावं, की तिथेच बसून हसावं?

सासूबाईंना मात्र तिच्याकडे बघायला सवड नव्हती. त्या जाळीखाली उभ्या राहून वर बघत होत्या. "परत कधी सुटतो वारा?"

"आता पाणी तापलंय, आई. कुणी भरपूर वापरलं, की आपोआप सुरू होईल."

सासूबाईंनी फळीवरचा टॉवेल ओढला आणि तिच्या अंगावर फेकला. "मग बसलीस काय? ऊठ, अंघोळीला जा."

"अहो, सकाळीच केली मी!"

"केस धू."

प्लंबर हळूच पिशवी उचलून दाराकडे सरकत होता.

"तुम्ही कुठे निघालात, दादा?" सासूबाईंनी फळीवरून दुसरा टॉवेल काढला. "तिच्यानंतर तुमचा नंबर."