पहिला सोमवार

"आई, काट्यावर नीट उभी राहा," शर्वाणी म्हणाली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने कुमुदताईंच्या तळव्यांतून लेप्टिन मोजलं. चरबीतून रक्तात उतरून मेंदूतल्या आठवणी सांभाळणारं संप्रेरक. आकडा लाल झाला. दोन महिन्यांत वजन आठ किलोंनी उतरलं होतं. आणखी एक किलो गेलं, की पुसलेल्या आठवणी कुठल्याच इंजेक्शनने परत येणार नव्हत्या.

शर्वाणीचा आवाज चढला. "दोन्ही वेळा तूप घालून ताट वाढते मी तुला. जातं कुठे ते?"

"तुझ्या बाबांना देते. त्यांना साधा वारही आठवत नाही गं, म्हणून मी सोळा सोमवार धरलेत. आज उपास आहे माझा."

"अगं, कालही तू हेच म्हणालीस!" शर्वाणीने तिचे हाडकुळे खांदे धरले. "किती सोमवार झाले तुझे?"

कुमुदताई बोटांवर मोजू लागल्या. अंगठा पहिल्याच पेरावर अडला.

"आजचा पहिलाच."

टेबलाशी बसलेल्या बाबांनी बायकोच्या ताटातला घास तोंडाशी नेता नेता खाली ठेवला.

"कुमुद," ते म्हणाले, "आज गुरुवार आहे."