सोडलेली तांबोशी

“दोनशे अकरा डोकी तपासली, बाबा. सगळ्यात लहान मासा चौतीस वर्षांचा निघाला.”

बापाने ताट बाजूला सारलं. जेवतानाही हिची प्रयोगशाळा सुटत नाही. तो मासे धरायचा तो समुद्रातला खोल खडक त्याने तीस वर्षांपूर्वी स्वतः हुडकून काढला होता. शंभर माणसं एकावर एक उभी केली तरी वरच्याचं डोकं पाण्याबाहेर निघणार नाही, एवढा खोल. दुसरी एकही बोट तिकडे फिरकत नाही. आणि आता पोटची पोर सोमवारी अहवालावर सही करणार, की खडकावरची मासेमारी बंद करा. बरं, तपासायला तांबोशी माशाची डोकी पेट्या भरभरून तिला नेऊन दिली कोणी? यानेच. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

मुलीने चौथ्यांदा समजावलं. माशाच्या कानात खडा असतो, त्यावर वर्षाला एक वळं चढतं. दोघांनी वेगवेगळी वळी मोजायची, एकमेकांना सांगायची नाहीत, आकडे जुळले तरच धरायचे. जुळले होते. खोलातली तांबोशी बारा वर्षांत पुरी वाढते आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं तेवढीच राहते. मग बाबांच्या पेटीत पंधरा, वीस, पंचवीस वर्षांची एकही कशी नाही? गेल्या तीस वर्षांत तिथे एकही पिल्लू मोठं झालेलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

बापाचं डोकं फिरलं. खडक ओरबाडल्याचा आळ आणि तो त्याच्यावर? अख्ख्या धक्क्यावर लहान मासा सोडणारा तो एकटा. वितीएवढी तांबोशी लागली की गळ अलगद काढायचा, मागच्या बाजूने तिला पाण्यात सोडायचं आणि तोंड फिरवायचं. सोडलेल्याकडे वळून बघायचं नाही. बघितलं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, किनाऱ्यालगतच्या पुरुषभर पाण्यात. धक्क्यावरचे त्याला हसायचे. त्याच्या बोटीमागे कायम पाखरांचा थवा असायचा. ते म्हणायचे, बघा, पुण्यवानाचे भक्त निघाले.

“पिल्लं नाहीत म्हणे! आठवड्याला पाच-सहा तरी मी या हातांनी सोडतो.”

मुलीचा घास हातातच राहिला.

“सोडता? मग त्यातली एक तरी मोठी होऊन परत यायला नको?”

त्याने आवाज चढवला. शिकवलं, शहाणी केली, ती बापालाच मासे शिकवायला. मुलीने त्याला बोलू दिलं. मग विचारलं, वर येतात तेव्हा त्यांचे डोळे बाहेर आलेले असतात का, पोट तोंडाशी आलेलं असतं का. असणारच, तो वैतागून म्हणाला, एवढ्या खोलातून ओढल्यावर कोणाचंही होईल. पाण्यात गेली की सावरते.

“सावरताना बघितलंय कधी?”

“बघायचं नसतं. किती वेळा सांगू?”

“पुढची सोडाल तेव्हा एकदा बघा, बाबा. तुम्हाला जे दिसेल ते जसंच्या तसं अहवालात लिहीन.”

दुसऱ्या दिवशी तो पुटपुटतच निघाला. हात दुखेपर्यंत दोर ओढला. दोन मोठ्या आल्या. तिसऱ्या वेळी वितीएवढी लाल तांबोशी आली, डोळे बटणांसारखे बाहेर. त्याने गळ अलगद काढला, मागे जाऊन तिला पाण्यात सोडलं आणि सवयीने तोंड फिरवलं. काय कटकट आहे, तो मोठ्याने म्हणाला. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा वळला.

तांबोशी पाण्यावर आडवी पडली होती. शेपटी मारत होती, खाली जायला बघत होती. पोटात फुगलेली हवा तिला जाऊ देत नव्हती.

पाखरं एकेक करून खाली उतरली. कोणालाच घाई नव्हती. तीस वर्षांचा रतीब होता.