बाराही रकान्यांत एक

सरांनी तो कागद सगळ्या वर्गासमोर उंच धरला आणि तिला उभं राहायला सांगितलं.

कागद कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेतून आला होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तीन महिने बाहेर प्रत्यक्ष काम करायचं आणि तिथल्या प्रमुखानं त्यांच्या कामाला आकडे देऊन कागद बंद पाकिटात कॉलेजात पाठवायचा, अशी पद्धत होती. फॉर्म सरांनी स्वतः तयार केला होता. त्याचा त्यांना अभिमानही होता. वेळेवर येणं, हाताची सफाई, चूक मान्य करणं, असे बारा रकाने. प्रत्येकाला एक ते पाच. तिच्या बाराही रकान्यांत एक होता.

“साठपैकी बारा,” सर म्हणाले. “सहा वर्षांत असा कागद माझ्या हातात आलेला नाही. तीन महिने तिथे काय दिवे लावलेस, ते जरा सगळ्यांना सांग.”

तिनं पुढे येऊन कागद पाहिला. ते ठळक आकडे, खाली कार्यशाळेचे प्रमुख असलेल्या मिस्त्रींची वाकडीतिकडी सही. आणि ती हसली. अगदी किंचित, ओठांच्या कडेला.

सरांचं डोकंच फिरलं. स्वतःच्या नालायकीवर ज्याला हसू येतं त्यानं अपंग माणसांच्या वाटेला तरी जाऊ नये, असं ते बोलून गेले. मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मान खाली घालून ती जागेवर जाऊन बसली.

तिला नापास करायचं तर आणखी एका कागदावर मिस्त्रींची सही लागणार होती. म्हणून पुढच्या आठवड्यात सर कार्यशाळेत गेले. खरं तर दर सहामाहीत एकदा तिथे जाऊन मुलांचं काम पाहायचं, असा नियम होता. सर फोनवर चौकशी करत आणि वहीत भेटीची तारीख टाकत. आत पाऊल ठेवायची ही त्यांची पहिलीच वेळ.

भिंतीला ओळीनं प्लास्टरचे साचे उभे होते, गुडघ्यापर्यंतचे, मांडीपर्यंतचे, एक अगदी लहान मुलाचा. मिस्त्री कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं स्टूल पुसून पुढे केलं, आणि सर काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, आमची पोरगी कशी आहे?

मग ते सांगतच सुटले. तयार झालेल्या प्रत्येक पायाच्या वाटीत, जिथे माणसाचा उरलेला पाय बसतो तिथे, ती आधी आपला हात घालायची. कडेनं मनगट फिरवून, कुठे टोचेल, कुठे घासेल ते बघायची. एका आजोबांना कुठलाच पाय बसत नव्हता, दर वेळी कातडी सोलवटून निघायची. ही चार दिवस त्यांच्यासमोर फतकल मारून बसली. थोडं घासायचं, घालून बघायचं, पुन्हा घासायचं. पाचव्या दिवशी आजोबा फाटकापर्यंत स्वतःच्या पायानं गेले आणि तिथे उभे राहून रडले.

“असा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही,” मिस्त्री म्हणाले. “म्हणून कागद आला तेव्हा विचारच केला नाही. सगळीकडे एकच घातला. पोरगी एक नंबर आहे, साहेब.”

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी चाचरत गेल्या वर्षीच्या मुलाचं विचारलं. त्याला बाराही रकान्यांत पाच होते. त्याच जोरावर त्याला उत्तम प्रशिक्षणार्थी म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं होतं, खुद्द सरांच्या हस्ते.

मिस्त्री अवघडून हसले. तुमचा विद्यार्थी, वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले, पण तो पाचव्याच नंबरचा. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं.

सरांनी पिशवीतून फॉर्म काढला. पाच म्हणजे उत्कृष्ट, एक म्हणजे असमाधानकारक, या तळाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. सगळं एका पानात बसावं म्हणून त्यांनीच ती मुंगीएवढ्या अक्षरांत टाकली होती.

मिस्त्रींनी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. “खाली काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. तसं मला आकड्यांपलीकडे फारसं येतही नाही. काही चुकलं का माझं?”

“नाही,” सर म्हणाले. “सगळं बरोबर आहे.” सहीसाठी आणलेला कागद त्यांनी पिशवीतून बाहेरच काढला नाही.

कॉलेजच्या जिन्यात ती भेटली. तुला साठपैकी साठ दिलेत, असं सरांनी सांगितलं. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याची माफी मागायची सवयच नव्हती. त्याऐवजी ते म्हणाले, उद्या वर्गात सगळ्यांना सांगतो, मिस्त्रींनी फॉर्म उलटा भरला होता म्हणून.

“तसं नका सांगू, सर,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात आपल्या वर्गातले दोघं तिथे जाणार आहेत. मिस्त्रीकाकांना वाचता येत नाही हे त्यांना कळलं, तर ते हसतील त्यांना.”

सर पायरीवरच थांबले. कागद पाहून ती का हसली होती, ते त्यांना आत्ता उमगलं.

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं,” ते कसेबसे म्हणाले. “मग बोलली का नाहीस?”

सरांना लागणार नाही असे शब्द ती शोधत असावी.

“बोलले असते तर तुम्ही तिथूनच फोन लावला असता, सर. आणि मला विचारलंत तसंच काकांनाही विचारलं असतंत. सगळ्यांसमोर.”