बैलाच्या अंगावरचा पट्टा

"आजी, इथं सही करा," टॉवर कंपनीच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"सहीपुरतं शिकली हाव मी. पण वाचल्याबिगर करत नाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "वेदश्री, वाच वं."

कागद इंग्रजीत होता. नातीनं एकेक ओळ मराठीत सांगितली. पोळ्याच्या दिवशी कामावर असताना श्रावण मोबाइलच्या टॉवरवरून पडून मरण पावला. त्याला हार्नेस दिलेला होता. त्यानं हयगयीनं तो घातला नाही.

बापाचं नाव तिनं दोनदा वाचलं. अन्नपूर्णाबाईंचा चेहरा हलला नाही. दोन महिने झाले, त्या रडल्या नव्हत्या. शेजारणी म्हणत, बुढीचं काळीज दगडाचं आहे.

"हयगय?" त्या म्हणाल्या. "चपलेचा अंगठा तुटला त शिवल्याशिवाय घराबाहेर पाय टाकत नव्हता माहा पोरगा. हे खोडा."

साहेबांनी गोठ्याकडे बोट केलं. खुंटीवर झूल होती, घुंगरमाळ होती. शेजारी केशरी पट्टा, चकचकीत कड्यांचा. "तो काय, तिथं आहे हार्नेस. घरीच विसरला. मी काय खोडू?"

पट्ट्यावर गुलाल होता. साहेबांना तो दिसला नसावा.

"हार्नेस म्हंजे काय वं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. आजवर त्या त्याला पट्टाच म्हणत आल्या होत्या.

वेदश्रीनं मोबाइलमध्ये पाहिलं. "जुना शब्द आहे, आजी. आधी म्हणे फौजेची शिदोरी. मग शिपायाचं चिलखत. मग घोड्याबैलाच्या अंगावरचा साज. आता उंचावर चढणाऱ्याचा पट्टा."

"शिदोरी देल्ली होती मी त्याले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "दोन पुरणाच्या पोळ्या."

गोठ्यात बैलानं मान हलवली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"लिहा, साहेब," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता, बाजारात भाव सांगावा तसा. "पट्टा घरी राह्यला नव्हता. पोळ्याच्या तोरणाखाली होता, आमच्या बैलाच्या अंगावर. मीच बांधला. साऱ्या गावात आपला बैल उठून दिसला पायजे म्हून. टॉवरवर चढाले ये म्हून कंपनीचा फोन आला, अन् श्रावण पट्टा मांगाले आला. मी म्हटलं, तोरण तुटून पोळा फुटल्याबिगर बैलाच्या अंगावरचा साज उतरवत नसतात. तो हासला. म्हणे, राहू दे वं माय, शोभून राह्यला त्याले."

वेदश्रीच्या हातातला मोबाइल तसाच राहिला. साहेबांनी पेन उचललं. हयगयीच्या इंग्रजी शब्दावर ते थांबलं.

"तो खोडू नका," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "नाव तेवढं माहं टाका."