अकरावं नाव, बारावं नाव

"आधी हे वाचा," म्हणत तिने यादी अजगराच्या पुढ्यात टाकली.

अजगराचं गाद्यांचं दुकान होतं. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, पण खांदे अजून दारात मावत नव्हते. कुस्तीच्या रिंगमध्ये तो ज्याला मिठीत धरायचा त्याची सुटका नसायची, म्हणून हे नाव पडलं होतं आणि ते गाद्या विकतानाही सुटलं नव्हतं.

यादी कुस्ती कंपनीच्या विजेतेपदाच्या पट्ट्याची होती. विजेता कोण, त्याने पट्टा किती दिवस सांभाळला, हरला कोणाकडून. पन्नास वर्षांचा हा इतिहास पुस्तकात यायचा होता. लिहायचं काम तिच्याकडे होतं आणि शुक्रवारी पुस्तक छापायला जाणार होतं.

"अकरावं नाव माझं," अजगर म्हणाला. "तीनशे बारा दिवस. पुढे लिहिलंय, पट्टा काढून घेतला. बरोबर आहे की."

"बरोबर नाहीये. बारावं नाव माझ्या बाबांचं हवं होतं."

त्या धंद्यात निकाल आधीच ठरलेला असतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणी जिंकायचं ते मालक दुपारी सांगायचा आणि संध्याकाळी दोघं गडी जीव तोडून ते खरं करून दाखवायचे. मालकाला नाही म्हणणारा दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचा. त्या दुपारी मालकाने सांगितलं होतं, आज अजगर हरेल, बुरूज जिंकेल. बुरूज म्हणजे तिचे बाबा. प्रत्यक्षात पंचाने हार ठरवणारे तीन आकडे मोजले तेव्हा अजगर वर होता आणि बाबांची पाठ जमिनीला. नऊ दिवसांनी मालकाने अजगराचा पट्टा काढून घेतला आणि त्याला पुन्हा कुठल्या रिंगची पायरी चढू दिली नाही.

"तुम्ही शब्द मोडलात," ती म्हणाली. "बाबांचा पट्टा गिळलात."

अजगराने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बस ना. चहा घेशील?"

"मी उभीच बरी."

"बुरूज कसा आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मार्चमध्ये तुला अडतीस पूर्ण झाली ना?"

याला कसं ठाऊक? म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आपल्या घरावर नजर ठेवून होता तर! तिने पर्स घट्ट धरली आणि तिच्यातून वर्तमानपत्रातला जुना फोटो काढला.

"हे बघा. तुम्ही वर, बाबा खाली. बाबांचे दोन्ही हात तुमच्या पाठीभोवती, बोटांत बोटं अडकलेली. सुटायला किती धडपड करतायत ते दिसतंय ना?"

अजगर फोटोकडे बघून गालात हसला. तिला ते हसू मुळीच आवडलं नाही.

"धडपड होती खरी," तो म्हणाला.

"मालकांचा मुलगा म्हणतो, तुम्ही कबुली लिहून दिलीत तर तो बाबांचं नाव यादीत घालेल. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकलेत. ते नाव छापलेलं मला त्यांना दाखवायचंय."

ती भांडायच्या तयारीने आली होती. पण अजगराने कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'त्या दिवशी मी हरायचं ठरलं होतं. शब्द मी मोडला. बुरुजाचा काही दोष नाही.' खाली तारीख घालून सही ठोकली.

तिने कागद चार वेळा वाचला. तारीख पाहिली, सही पाहिली.

"इतकी वर्षं का नाही लिहिलंत?"

"कोणी मागितलंच नाही."

"आणि आज मागितल्याबरोबर देताय. यात काहीतरी काळंबेरं आहे."

"असेल." तो गादीच्या कडेवरून हात फिरवत राहिला. "शाळेत जाताना तुझी वेणी कोण घालायचं गं?"

"बाबा."

"जमायची त्याला?"

"वाकडी व्हायची."

अजगर इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कागद घेऊन बाहेर पडली.

बसमध्ये तिने कागद पुन्हा काढून पाहिला. ती सहा आठवड्यांची असताना, त्या सामन्याच्या महिनाभर आधी, आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच. पुढच्या वर्षी मालकाने बाबांना पुन्हा पट्टा देऊ केला होता, पण विजेत्याला वर्षाचे अकरा महिने गावोगाव खेळ करत हिंडावं लागे. बाबांनी गुडघा गेल्याचं सांगितलं आणि ते शहरातल्या शनिवारच्या खेळांतच राहिले. त्याच गुडघ्यांवर ते तिला खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचे. तो पराभव त्यांच्या मनाला केवढा लागला असेल, या विचाराने तिला अजगराचा नव्याने संताप आला.

बाबा खिडकीशी पलंगावर पडून होते. तिने कागद त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसली. त्यांनी एकेक ओळ सावकाश वाचली.

"हे त्याने स्वतः लिहिलं?"

"माझ्यासमोर. शुक्रवारी तुमचं नाव छापायला जाणार, बाबा."

"हे कुठे द्यायचं नाही."

"अहो, पण त्याने कबूल केलंय!"

"अडतीस वर्षं तो हेच खोटं सांगतोय आणि मी त्याला सांगू दिलं." बाबांनी कागदाची घडी घातली. "तो ठरल्याप्रमाणे पडला होता गं. मीच त्याला मिठी मारून माझ्या अंगावर ओढून घेतलं. पट्टा मिळाला असता तर तुला सोडून जावं लागलं असतं."