नावापुरती उमेदवार

“मिलगेट वॉर्डात आपल्या पक्षाला कुत्रं विचारत नाही, तू नुसतं नाव दे,” अशी गळ घालून पक्षवाल्यांनी ग्लेनिसला नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं केलं होतं. आता फेरमोजणीनंतरही तिची मतं जुने नगरसेवक डेरिक यांच्याइतकीच भरली. म्हणजे निकाल चिठ्ठीवर लागणार. छातीवरचं पक्षाचं रेशमी फूल तिला धोंड्यासारखं जड झालं. नवऱ्याने उन्हाळ्यासाठी समुद्रकाठी राहायला कॅरव्हॅन ठरवली होती. इथे कचऱ्याच्या डब्यांवरून दर आठवड्याला भांडत कोण बसणार? अधिकाऱ्याने बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी काढली. “डेरिक फॉसेट.” ग्लेनिसचा जीव एकदाचा भांड्यात पडला. डेरिक घाम पुसत सांत्वनाला आले. “वाईट वाटून घेऊ नका, ग्लेनिस. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर तुम्हीच निवडून आला असता.” “त्याच मताने तर मला वाचवलं,” फूल काढून पर्समध्ये टाकत ती कुजबुजली. “माझंच होतं ते. दरवेळेसारखं सवयीने तुम्हालाच दिलं.”