प्रोटीनची शीळ

“मॅडम, मला विषय बदलायचाय,” ढापणीनं दारातूनच सांगून टाकलं. एकदा बसलं की धीर सुटेल, हे तिला ठाऊक होतं.

“बदल की. पण आधी आत तर ये.”

विद्यापीठात सगळे तिला ढापणीच म्हणत. चष्माच तसा होता, बाटलीच्या बुडासारखा. मॅडम मात्र याच आठवड्यात तिच्या नव्या मार्गदर्शक म्हणून रुजू झालेल्या, वर्गावर अजून यायच्या होत्या. खोलीत दिवा लावलेला नव्हता. ढापणी चाचपडत निघाली आणि धाडकन स्टुलावर आपटली.

“लागलं का गं? मेलं ते स्टूल! रोज कुणीतरी सरकवून ठेवतं, सकाळी मीही आपटले. दिवा लाव, बटण दाराशीच आहे. कामात भानच राहत नाही बघ.”

दिवा लागला, तरी ढापणीला फारसा फरक पडला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: कडेचं आधी जाईल, मग मधलं, आणि उपाय नाही. आत्ताच तिला जग नळीतून बघितल्यासारखं दिसे. आईलाही तिनं हे सांगितलं नव्हतं. प्रोटीनची हालचाल कॉम्प्युटरवर घडवून बघायची, या कामावर तिचा जीव होता. पण ते पडलं बघण्याचं काम. कुणी उठवायच्या आत आपणच उठलेलं बरं, असं तिनं ठरवलं होतं.

“कारण?” मॅडमनी विचारलं.

“घरचे नको म्हणतात.”

“घरचे नको म्हणाले की माणूस चिडतो. तुझा आवाज तर रडून आल्यासारखा आहे.”

ढापणी चष्मा काढून पुसू लागली.

“बरं, राहू दे. सकाळपासून तुझंच प्रोटीन चालवत बसलेय मी. स्क्रीन तुझ्याकडे वळव आणि काय चाललंय ते सांग.”

परीक्षा घेतायत, ढापणीच्या मनात आलं. तिनं जवळजवळ नाकच स्क्रीनला टेकवलं. आता नळीत मॅडम नव्हत्या, टेबल नव्हतं. फक्त पाण्याच्या गर्दीत थरथरणारं तिचं प्रोटीन होतं. कॉम्प्युटरमधून बारीक शीळ येत होती. पंखा बिघडला असावा.

“मधल्या खाचेचं दार हलतंय... उघडलं!”

“छे गं, घाई नको. थांब... हं, आता उघडलं.”

आणि खरंच, आत्ता कुठे ते दार सताड उघडलं होतं. स्क्रीनची तर पाठ मॅडमकडे होती.

“तुम्हाला कसं कळलं?”

“शीळ ऐक ना. दाराच्या दोन टोकांमधलं अंतर मी सुराला बांधलंय. अंतर वाढलं की सूर चढतो. चित्रं काय, पाहुण्यांना दाखवायला! अणू कुणी डोळ्यांनी बघितलेत? सगळा आकड्यांचा खेळ. यात डोळ्यांवाचून काय अडलंय?”

झालं! ढापणीचा बांधच फुटला. डॉक्टर, नळी, आई, सगळं भडाभडा बाहेर आलं. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. टेबलावरून हात पुढे करून त्यांनी तिचा हात शोधला आणि घट्ट धरून ठेवला.

“एवढ्यासाठी आवडतं काम सोडायचं नसतं, बाळ. मी शिकवीन तुला.”

“तुम्हाला बोलायला काय जातं?” ढापणी फणकारली. “ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मॅडम!” बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मॅडम रागावल्या नाहीत. उलट खुदकन हसल्या. “सोळा आणे खरं बोललीस बाई.”

मग त्या म्हणाल्या, “हे राहू दे चालू. उद्या सकाळी ये, पुढचं ऐकू.”

ढापणीनं डोळे पुसले. यायचं की नाही, ते अजून तिचं ठरत नव्हतं. मोठ्या मनाची आहे बाई, पण हिला काय कळणार, असंच तिला वाटत होतं.

“चल, खालपर्यंत सोडते. जिन्यातला दिवा गेलाय म्हणे, तू माझा हात धर,” असं म्हणत मॅडम उठल्या, आणि दारामागची घडीची पांढरी काठी काढून त्यांनी सवयीनं, एका झटक्यात उलगडली.